पट, मुक्काम आणि संगणकाची चौकट

शाळेचा पट किती आणि आज हजर किती, या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला कोणत्याही शिक्षकाला वही उघडावी लागत नाही. पण बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतल्या शाळांत ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की हेच प्रश्न अवघड होतात. समजा, एका वाडीवरच्या शाळेचा पट ४० आहे. आईवडिलांबरोबर १५ मुले कारखान्यांवर गेली. काही मुले आजी-आजोबांकडे मागे राहिली आणि हंगामी वसतिगृहात जेवू लागली. ती आणि गावातली बाकीची मिळून २५ मुले वर्गात बसली आहेत. हजेरी किती टक्के? ४० पैकी २५ धरली तर साडेबासष्ट. गेलेल्या मुलांना हिशेबातून वगळले तर शंभर. आणि गेलेल्या १५ पैकी ६ मुले कारखान्याजवळच्या एखाद्या शाळेत बसत असतील, तर शिकत असलेली मुले ३१, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के.

तीनही आकडे खरे आहेत. त्यांपैकी कोणता वर पाठवला जाईल, हे नोंदवहीत कोणते रकाने आखले आहेत यावर ठरते. राहिलेल्या ९ मुलांचे काय चालले आहे ते कोणालाच ठाऊक नाही. पहिल्या आकड्यात ती 'गैरहजर' आहेत, दुसऱ्यात ती नाहीतच, तिसऱ्यात वजाबाकी करूनच सापडतात.

ही नोंदवही आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर गेली आहे. तेव्हा रकाने आखण्याचे काम कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न शिक्षकांनीही विचारायला हवा. या लेखात आम्ही एका संगणकीय साधनाचे परीक्षण याच प्रश्नाच्या आधारे करणार आहोत. ते साधन शाळांसाठी बनलेले नाही. दुकाने, कारखाने, कंपन्या यांचे हिशेब, साठा, पगार यांसाठी लागणाऱ्या आज्ञावल्या झटपट उभारता याव्यात म्हणून ते बनले आहे. त्याचे नाव फ्रॅपे. ते आपल्या राज्यातच, मुंबईत तयार झाले आणि मुंबईतूनच जगभर गेले. त्याच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या आवृत्त्या अनुक्रमे २०२१, २०२२ आणि २०२३ साली आल्या. प्रत्येक आवृत्तीबरोबर नव्या सोयींची लांबलचक यादी येते. त्या यादीकडे आम्ही वर सांगितलेल्या पंधरा मुलांच्या बाजूने पाहणार आहोत.

प्रथम हे साधन म्हणजे काय ते पाहू. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी एक आज्ञावली लिहिण्यापासून सुरुवात केली. २००८ साली त्यांनी कंपनी काढली. धंद्याच्या सर्व कामांसाठीची जी मोठी आज्ञावली पुढे तयार झाली ती ईआरपीनेक्स्ट. ती ज्या पायावर उभी आहे तो पाया म्हणजे फ्रॅपे. घर आणि घर बांधायची अवजारे यांत जो फरक, तोच या दोहोंत. फ्रॅपेला आम्ही येथे 'चौकट' म्हणू. दोन्हींचा मूळ संकेत खुला आहे. तो कोणीही वाचावा, बदलावा, वापरावा. चौकटीचा परवाना तर इतका सैल आहे की तीवर बांधलेली वस्तू खुली ठेवण्याचेही बंधन नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी १९९०च्या दशकात संगणकाचा पदविका अभ्यासक्रम केला असेल त्यांना डीबेस आणि फॉक्सप्रो आठवतील. फॉक्सप्रो हीदेखील अशीच चौकट होती. पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि माहितीचा तक्ता उघडायचा. रकान्याचे नाव दहा अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नसे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहान कंपनीचे हे साधन १९९२ साली मायक्रोसॉफ्टने घेतले. पुढची आवृत्ती निघणार नाही असे २००७ साली जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये शेवटच्या आवृत्तीचा आधारही बंद केला. निर्णय अमेरिकेत झाला. त्याचे परिणाम ज्यांच्या कपाटांत तशा फायली होत्या त्या प्रत्येक कचेरीने, पतपेढीने भोगले. खुल्या संकेताच्या चौकटीवर असे संकट येत नाही, असे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे आपण पुढे येऊ.

फ्रॅपेतली मूळ कल्पना आम्हाला शिक्षकांच्या दृष्टीने फार शिकण्याजोगी वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू.

शाळेचे जनरल रजिस्टर घ्या. त्याचे रकाने छापखान्यात ठरले आहेत. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कारण, शेरा. आपण नोंदी करतो, रकाने बदलत नाही. एखादी गोष्ट कोठेच बसली नाही की ती शेऱ्यात जाते. जुन्या पद्धतीच्या आज्ञावलीतही तसेच असते. रकाना वाढवायचा तर आज्ञावली लिहिणाऱ्याकडे जावे लागते. तो तक्ता बदलतो, पडद्यावरचा नमुना बदलतो, छापील अहवाल बदलतो आणि तीन ठिकाणी तीन चुका करून ठेवतो.

फ्रॅपेमध्ये नमुन्याचे वर्णन हीच एक नोंद असते. 'विद्यार्थी या नमुन्यात पहिला रकाना नाव, तो अक्षरांचा. दुसरा रकाना जन्मतारीख, तो तारखेचा. तिसरा रकाना शाळा, तो शाळांच्या यादीतून निवडायचा' असे वर्णन माहितीसाठ्यातच लिहून ठेवायचे. या वर्णनाला तेथे डॉकटाइप म्हणतात. ते वाचून चौकट आपली आपण तक्ता तयार करते, भरायचा नमुना पडद्यावर आणते, यादी दाखवते, शोध घेऊ देते, कोणाला काय पाहता येईल ते ठरवते. वर्णनात एक ओळ वाढवली की या सर्व ठिकाणी रकाना वाढतो. रकान्याचे नाव मराठीत लिहिले तरी चालते. नोंदी युनिकोडमध्ये साठवल्या जात असल्याने देवनागरीची वेगळी खटपट करावी लागत नाही. म्हणजे रकाने आखण्याचे काम छापखान्यातून निघून, निदान तत्त्वतः, शाळेच्या टेबलापर्यंत येते.

आता आपल्या पंधरा मुलांसाठी रकाने आखून पाहू. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन बरोबर यावे. त्यासाठी संगणक लागणार नाही.

पहिला विचार असा येतो की विद्यार्थ्याच्या नमुन्यात 'स्थलांतरित: होय किंवा नाही' असा एक रकाना वाढवावा. तो पुरत नाही. स्थलांतर हा मुलाचा रंग किंवा उंची यांसारखा गुण नाही. ती घडणारी गोष्ट आहे आणि पुन्हा पुन्हा घडते. मूल नोव्हेंबरात जाते, कधी संक्रांतीला आजारपणामुळे परत येते, पुन्हा जाते, एप्रिलमध्ये किंवा मे महिन्यात टोळीबरोबर परतते. मधेच मुकादम टोळी एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे हलवतो. 'होय'च्या खुणेत यातले काहीच मावत नाही. शिवाय मूल परतल्यावर खूण काढली की ते गेले होते याचा पुरावाही गेला. गाळपाच्या तारखाही दरवर्षी त्याच नसतात. २०२३ साली हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला, २०२४ साली १५ नोव्हेंबरला. शाळेच्या सत्रांशी त्यांचा मेळ बसतोच असे नाही.

म्हणून प्रत्येक मुक्कामाला एक ओळ हवी. फ्रॅपेमध्ये एका नमुन्याच्या पोटात दुसरा तक्ता ठेवता येतो. दुकानदाराच्या बिलात वर गिऱ्हाइकाचे नाव एकदाच येते आणि खाली साखर, चहा, तेल अशा कितीही ओळी येतात. त्यासाठीच ही सोय केली आहे. (त्या पोटतक्त्याला इंग्रजीत 'मूल' आणि वरच्या नमुन्याला 'पालक' म्हणतात. आमच्या उदाहरणात हा योग गमतीचा आहे.) वर मुलाचे नाव एकदा, खाली मुक्कामांच्या ओळी: कधीपासून, कधीपर्यंत, कोठे, कोणाबरोबर, शिक्षण चालू आहे का. बिलासाठी बनवलेली सोय ऊसतोड कामगाराच्या मुलाला नेमकी बसते, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे, एकाच्या नावावर अनेक घटना.

आता १२ जानेवारीला कोण कोठे होते हे विचारायचे झाले, तर ज्या ओळीत 'कधीपासून' ही तारीख १२ जानेवारी किंवा तिच्या आधीची आहे आणि 'कधीपर्यंत' रिकामी किंवा १२ जानेवारीनंतरची आहे, ती ओळ शोधायची. चाळीसही मुलांची प्रत्येकी एकच ओळ सापडायला हवी. एखाद्याच्या दोन सापडल्या तर ते मूल दोन ठिकाणी दाखवले गेले. एकही सापडली नाही तर ते मूल आपल्या हातून निसटले. सुरुवातीचे तीनही टक्के या एकाच तक्त्यातून निघतात. कोणता टक्का हवा ते विचारणाऱ्याने सांगावे, नोंद करणाऱ्याला खोटे लिहावे लागत नाही. सातवीच्या वर्गात हा तक्ता फळ्यावर काढून मुलांकडून प्रश्न सोडवून घेतले तर तारखांचा आणि संचांचा चांगला सराव होईल.

राज्याच्या सरल प्रणालीत, २०१५ पासून, किंवा देशाच्या यू-डायस प्लस प्रणालीत, २०२२-२३ पासून, प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद आहे. ही मोठीच प्रगती आहे. पण तेथे मूल एका वेळी एका शाळेचे असते आणि शाळा बदलली की नोंद हलवायची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या ५व्या कलमाने दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे मूल कागदाआधी शाळेत बसू शकते. कायद्याने मान्य केलेली ही मधली अवस्था 'एक मूल, एक शाळा' या रकान्यात मावत नाही, मुक्कामाच्या ओळीत मावते.

या चौकटीचा दुसरा जुना गुण हिशेबनिसांकडून आलेला आहे. बिल एकदा कायम केले की ते खोडता येत नाही. चुकले तर ते रद्द करायचे आणि त्यावरून दुरुस्त बिल नव्याने काढायचे. रद्द झालेलेही जपून ठेवले जाते आणि दुरुस्त बिलावर ते कोणत्या बिलावरून आले याची खूण राहते. कोणी, कधी, काय बदलले याचा इतिहासही ठेवता येतो. जनरल रजिस्टरात खाडाखोड करू नये, आडवी रेघ मारून सही करावी, हे मुख्याध्यापकांना सांगावे लागत नाही. तीच शिस्त येथे यंत्राच्या अंगी बाणवली आहे. ज्या मुलाची 'परत आला' ही तारीख तपासणीच्या आदल्या दिवशी बदलली जाऊ शकते, त्याच्यासाठी ही शिस्त महत्त्वाची आहे.

येथवर आम्ही कौतुकच केले. आता उणिवा पाहू.

पहिली उणीव आकड्यांच्या रकान्यांची आहे आणि ती आवृत्त्या बदलल्या तरी तशीच राहिली. आकड्याचा रकाना रिकामा सोडला तर ही चौकट तेथे शून्य धरते. होय-नाहीच्या चौकोनाचेही तसेच, खूण नाही म्हणजे 'नाही'. दुकानात हे चालून जाते. साखरेच्या ओळीत सूट लिहिली नाही म्हणजे सूट शून्य, यात कोणाचे बिघडत नाही. पण 'कारखान्याजवळच्या शाळेत हजर दिवस' या रकान्यात कोणी काही लिहिले नाही, तर 'मूल एकही दिवस शाळेत गेले नाही' आणि 'आम्हाला ठाऊक नाही' या दोन गोष्टी एक होतात. पहिल्या गोष्टीवर उपाय म्हणजे त्या मुलाला शाळेत बसवणे, दुसरीवर उपाय म्हणजे कोणीतरी फोन करणे. त्या ९ मुलांचे सारे दुःख या शून्यात बुडून जाते. मोजमाप न होणे आणि मोजमाप शून्य येणे यांतला फरक आपण विज्ञानाच्या प्रयोगवहीत मुलांना शिकवतो. धंद्याच्या चौकटीला तो शिकवायचा तर तिला चकवावे लागते. आकड्याऐवजी निवडीचा रकाना ठेवून त्यात 'जातो', 'जात नाही', 'माहीत नाही' असे शब्द स्पष्ट लिहावे लागतात. आमचा सल्ला असा, की शाळेच्या कोणत्याही संगणकीय नमुन्यात होय-नाहीचा चौकोन दिसला की थांबून विचारावे: रिकामा सोडला तर याचा अर्थ काय होईल?

आता नव्या सोयी. चौदाव्या आवृत्तीत लांब नमुना कप्प्यांत विभागण्याची सोय आली. वहीला कडेने चिठ्ठ्या लावाव्यात तसे वर मथळे दिसतात, हव्या त्या मथळ्यावर बोट ठेवले की तो भाग उघडतो. ज्याने शंभर रकान्यांचा नमुना मोबाइलवर अंगठ्याने सरकवत भरला आहे त्याला हिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्याच काळात प्रत्येकाने आपले कामाचे पान आपल्याला हवे तसे लावून घेण्याची सोय सुधारली. पंधराव्या आवृत्तीत रकाने पडद्यावर ओढून हव्या त्या जागी ठेवता येतात. पूर्वी ते ओळींच्या यादीतून करावे लागे. हे बदल चांगले आहेत, नीटनेटके आहेत. पण कप्पे आले की कोणता रकाना कोणत्या कप्प्यात, हा निर्णयही आला. मुक्कामाचा तक्ता चौथ्या कप्प्यात गेला, की तो भरला जाणार नाही हे भविष्य सांगायला ज्योतिषी नको. ज्या माहितीवाचून नोंद पुरी होत नाही ती पहिल्या कप्प्यात हवी. तेथे काय ठेवायचे हे चौकट सांगत नाही, आखणारा सांगतो.

चौदाव्या आवृत्तीतला दुसरा बदल यापेक्षा दूरगामी आहे. तोवर ईआरपीनेक्स्टच्या पोटात शिक्षण, आरोग्य, शेती असे विभाग होते. २०२२ साली हे विभाग मूळ आज्ञावलीतून काढून वेगळे केले गेले. ज्यांना हवे त्यांनी ते स्वतंत्रपणे बसवावेत. बांधणी करणाऱ्यांच्या बाजूने कारण पटण्यासारखे आहे. एकाच इमारतीत दुकान, दवाखाना आणि शाळा असली की दुकानाची भिंत हलवताना शाळेची खिडकी फुटते. वेगळे केल्याने प्रत्येकाला आपल्या गतीने सुधारता येते. पण मूळ इमारतीकडे ज्यांचे रोज लक्ष असते असे लोक जास्त, वेगळ्या झालेल्या खोल्यांकडे लक्ष देणारे कमी. पगार आणि साठा यांवर कंपन्यांचे पैसे लागलेले आहेत. चौथीच्या मुलाच्या हजेरीवर कोणाचेच लागलेले नाहीत.

तसे पाहता तो शिक्षण विभाग आपल्या कामाचा फारसा नव्हताच. त्यात अर्जदार, प्रवेश, अभ्यासक्रम, शुल्क, मूल्यमापन असे नमुने आहेत. शुल्क घेणाऱ्या, शहरातल्या संस्थेचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून ते आखलेले दिसतात. विद्यार्थ्याच्या नमुन्यात ई-मेलच्या पत्त्याला मानाचे स्थान आहे, त्यावरून त्याचे खाते उघडायचे. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या मुलीचा ई-मेल काय असावा, याचा विचार करणारा त्या टेबलाभोवती कोणी नसावा. यात आम्ही कोणाचा दोष काढत नाही. जो आखतो तो आपल्या ओळखीच्या माणसांसाठी आखतो. म्हणूनच तयार विभागापेक्षा मोकळी चौकट शिक्षकाला अधिक उपयोगी, असे आमचे मत झाले आहे. कोऱ्या पानावर पाच रकाने आखणे हे दुसऱ्याने आखलेल्या पन्नास रकान्यांतून आपले पाच शोधण्यापेक्षा सोपे.

पंधराव्या आवृत्तीतला एक लहानसा बदल आम्हाला फार आवडला. तयार नमुन्यात आपण आपला रकाना वाढवला तर त्याच्या आतल्या नावाला आता आपोआप एक उपपद लागते, 'हा वापरणाऱ्याने जोडलेला आहे' असे सांगणारे. पूर्वी असे होई की आपण 'मुक्काम' नावाचा रकाना जोडावा आणि पुढच्या आवृत्तीत मूळ बांधणाऱ्यांनीही त्याच नावाचा रकाना आणावा. मग दोघांची टक्कर. उपपदामुळे घरमालकाचे सामान आणि भाडेकरूचे सामान वेगळे ओळखू येते. जुन्या रकान्यांना मात्र हे उपपद मागे जाऊन लागत नाही.

ही आतली नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांची गणना 'अक्षर' या वर्गात होत नाही, 'चिन्ह' या वर्गात होते. पायथॉन या ज्या भाषेत चौकट लिहिली आहे तिला 'क' हे अक्षर आहे का असे विचारले तर ती हो म्हणते, नुसत्या कान्याबद्दल विचारले तर नाही म्हणते. जेथे कोणी 'फक्त अक्षरे आणि अंक ठेवा' असा नियम लिहिला असेल, तेथे आपल्या 'विद्यार्थी'चे काना-वेलांटी गळून जायचे. पडद्यावरचा मथळा मराठीत, आतले नाव रोमनमध्ये, ही वाट सुरक्षित. आमच्या लिपीचा अर्धा भाग अक्षर न मानणारा नियम कोणी केला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता ज्या बदलाने शिक्षकाच्या हातातले काही काढून घेतले तो. नमुन्यात रकाने आखले की काही अटी घालाव्या लागतात. 'कधीपर्यंत' ही तारीख 'कधीपासून'च्या आधीची नसावी, एकाच मुलाचे दोन मुक्काम एकमेकांवर चढू नयेत, इत्यादी. अशा अटी दोन ठिकाणी घालता येतात. भरणाऱ्याच्या पडद्यावर, म्हणजे त्याच्या मोबाइलमध्ये. किंवा जेथे माहिती साठते त्या मुख्य यंत्रावर. पडद्यावरची अट म्हणजे वर्गाच्या दारात उभा केलेला मॉनिटर. कोणी खिडकीतून आत आला, म्हणजे एकगठ्ठा यादी चढवली, की मॉनिटरला पत्ता नाही. मुख्य यंत्रावरची अट पक्की. ती चारसहा ओळींत, आज्ञावलीच्या मूळ संकेताला हात न लावता लिहिण्याची सोय या चौकटीत आहे. थोडी चिकाटी असलेल्या शिक्षकाला ती जमते. पंधराव्या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. ज्याच्याकडे मुख्य यंत्राचा कारभार आहे त्याने ती आज्ञा देऊन उघडावी लागते. अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या सामाईक यंत्रावर ती मिळेलच असे नाही.

कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते खोटे नाही. मुख्य यंत्रावर परक्याला आज्ञा लिहू देणे म्हणजे स्वयंपाकघराची किल्ली देणे. भल्या माणसाला दिलेली किल्ली चोराच्या हाती लागू शकते, आणि सामाईक यंत्रावर एकाच्या चुकीने शेजाऱ्याची माहिती उघडी पडू शकते. तरीही परिणाम काय झाला ते पाहावे. ज्याचे स्वतःचे यंत्र आहे आणि त्यासाठी पगारी माणूस आहे, त्या कंपनीला काहीच फरक पडला नाही. ज्या केंद्रशाळेकडे ना यंत्र ना माणूस, तिच्या हातून पक्की अट घालण्याचा मार्ग गेला. सुरक्षिततेची किंमत ज्याच्याकडे कमी आहे त्याने जास्त मोजली. अटींची एक लहानशी तयार यादी, जसे 'ही तारीख त्या तारखेनंतरचीच हवी' किंवा 'दोन ओळींचा काळ एकमेकांवर चढू नये', आज्ञा न लिहिता नुसती निवडून लावता आली असती, तर किल्ली न देताही काम भागले असते. अशी यादी ओढून ठेवण्याच्या फलकापेक्षा आमच्या अधिक उपयोगाची झाली असती.

खुल्या संकेताच्या अर्ध्या सत्याकडे आता येऊ. संकेत खुला आहे म्हणून फ्रॅपे कोणी बंद करू शकत नाही, हे खरे. पण प्रत्येक आवृत्तीच्या दुरुस्त्या काही वर्षेच मिळतात. त्यानंतर पुढच्या आवृत्तीवर जाणे हे ज्याचे त्याने करायचे. कंपनीत हे काम करणारा माणूस नेमलेला असतो. शाळेत ज्या तरुण शिक्षकाने हौसेने सर्व उभे केले त्याची बदली झाली की विषय संपतो. सांकेतिक शब्दही त्याच्याबरोबर आष्टीहून परळीला जातो. म्हणून एका शाळेने हे करू नये. केंद्राने किंवा तालुक्याने, निदान दोन माणसांच्या जबाबदारीवर करावे. दिवाळीपूर्वी एकदा आणि मे महिन्यात एकदा सर्व तक्ते साध्या स्वल्पविरामांच्या फाइलमध्ये उतरवून घ्यावेत. फॉक्सप्रो गेले तेव्हा ज्यांनी माहिती अशा साध्या रूपात काढून ठेवली होती त्यांना काही हरवल्याचे कळलेही नाही.

आणखी एक उणीव. या चौकटीचे काम मुख्य यंत्राशी सतत जोडलेले राहून चालते. जोडणी तुटली की नमुना जतन होत नाही. कचेरीत बसून काम करणाऱ्याला हे खटकत नाही. आपल्या उदाहरणात नोंद बदलते ती नेमकी गाव सुटताना आणि फडात पोचल्यावर. दोन्ही ठिकाणी मोबाइलची कांडी एक-दोन रेघांवर असते. आवृत्त्यांमागून आवृत्त्या आल्या, पण जोडणीशिवाय नमुना भरून ठेवण्याची साधी, सर्वांसाठीची सोय या तिन्हींत आम्हाला दिसली नाही.

परवानग्यांच्या बाबतीत चौकट बळकट आहे. कोणत्या भूमिकेच्या माणसाला कोणता नमुना, आणि त्यातलाही कोणता रकाना दिसावा, हे ठरवता येते. मुक्कामाच्या तक्त्यात पालकांचा आणि मुकादमाचा फोन येणार. कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाकडे आहे ही माहिती उचल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या जगात पैशाची आहे. ती फक्त वर्गशिक्षकाला दिसावी, वरच्या कचेरीला नुसते आकडे जावेत. मुकादमाचे नाव टाइप न करता यादीतून निवडायचे ठेवावे. नाहीतर एकच माणूस तीन प्रकारच्या शुद्धलेखनात तीन मुकादम होतो आणि एकाच टोळीबरोबर गेलेली मुले एकत्र सापडत नाहीत. ती एकत्र सापडणे महत्त्वाचे. एका फोनवर सात मुलांची खबर मिळते.

जोडणीची उणीव निघेपर्यंत कागद हाच मधला दुवा राहील. स्थलांतरित मुलाबरोबर जे शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते, त्याच्या मागच्या बाजूला मुक्कामाच्या तक्त्याचे पाच रकाने आणि सहा कोऱ्या ओळी याच चौकटीतून छापून घेता येतात. वर मुलाचा नोंद क्रमांक आणि शाळेचा फोन. कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंनी किंवा गुरुजींनी एक ओळ भरायची आणि क्रमांकासह फोनवरून सांगायची. गावातल्या शाळेने ती त्याच दिवशी संगणकात चढवायची. ओळ भरायला मिनिटभर लागते. 'माहीत नाही' असे लिहिलेल्या मुलांची यादी दर सोमवारी छापून वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावी.